मोजताना बोलायचं न्हाई

"मोजताना बोलायचं न्हाई, मॅडम," असं म्हणून ते तळहात वर करायचे आणि नजर स्क्रीनवरच ठेवायचे. तो तळहात खाली येईपर्यंत आमच्या भोरच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बोलायची कुणाची बिशाद नसे. प्राचार्यसुद्धा दारात थबकत.

ते लॅबचे तंत्रज्ञ. मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, घरी शेळ्या. नसरापूरला एसटी बदलून रोज यायचे. आमची मशीनं जुनी, त्यांना तयार सॉफ्टवेअर मिळेना. मग मामा मूळ सोर्स कोड उतरवून घेत आणि लागेल ती लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा सुटा भाग, जागेवरच कंपाइल करत, त्या मशीनपुरती बांधून घेत. त्याआधी कॉन्फिगर, म्हणजे बांधकामाआधी मशीनला विचारून घ्यायचं, हे आहे का, ते आहे का. एकेका ओळीपुढे येस किंवा नो उमटत जाई आणि मामा मोठ्यानं म्हणत, "हाय. हाय. हाय." संध्याकाळी शेळ्या वाड्यात घेताना त्यांच्याकडे अशाच मोजतात, आणि मोजणाऱ्याशी कुणी बोललेलं तिथे खपत नाही. घरची सवय अशी नोकरीवर घेऊन येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

"नो दिसलं की थांबायचं," ते मुलांना सांगत. "मशीन थांबत न्हाई, म्होरं जातंया. आपुन थांबायचं."

माझ्या आईची नजर गेली तेव्हा मी मामांना घरी बोलावलं. आई कोर्टात टायपिस्ट होती. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर तिचं बोट भरकटे, तिला बटणंच हवी होती. पेपर वाचून दाखवा म्हणून रोज कुणाची तरी मनधरणी करायला ती विटली होती. "मला माझं माझं वाचू दे गं," एवढंच तिचं मागणं. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला आणि मामा स्क्रीनवरचं मराठी बोलून दाखवणारी लायब्ररी त्यावर बांधायला बसले.

"हाय. हाय." मोजणी ऐन रंगात आली आणि आईनं आतून विचारलं, "चहात आलं चालतं ना हो तुम्हाला?"

वडीलधाऱ्या बाईला उत्तर न देणं मामांना कुठलं जमायला! "चालतंय की, माई."

कंपाइल बिनतक्रार झालं. आईनं हेडफोन लावला, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिचा चेहरा पडला. "आता कानही गेले का गं माझे?"

मामा स्क्रीनवरच्या ओळी मागं सरकवत गेले आणि एका ओळीपाशी थांबून त्यांनी कपाळावर हात मारला. "कान शाबूत हायेत, माई. आवाजाच्या ओळीला मशीन न्हाई म्हनलं हुतं, अन् म्या चहात हुतो. एक शेळी भाईर ऱ्हायली."

आवाजाचा राहिलेला भाग आधी टाकून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं. या खेपेला आईला शेजारी बसवलं, तिचा हात धरून तळहात वर करून दाखवला. "असं केलं की कुनी बोलायचं न्हाई." आई एवढी शहाण्यासारखी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. चहा निवून गेला. मग तिनं बटण दाबलं आणि मान किंचित कलती करून ऐकत राहिली. बराच वेळ. "ह्याला सर्दी झालीय," ती हसत म्हणाली, "पण वाचतो चांगलं." मामांनी गार चहा आनंदानं संपवला.

आता ते निवृत्त होऊन वाडीवर असतात. तिथं रेंज नाही. मला त्यांची फार आठवण येते.

परवा त्या लायब्ररीची नवी आवृत्ती बांधायला मी बसले. आई हेडफोन लावून एकेक ओळ ऐकत मामांसारखी मोजत होती. "हाय. हाय."

"आई, भाकरी टाकू का गं?" मी विचारलं.

तिनं नुसता तळहात वर केला.