सहीआधीचा चहा

कळंबच्या तहसीलसमोर पत्र्याखाली बसणारे ते अर्जनवीस लिहितात कमी, समजावतात जास्त. दर वाक्याला चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "कळलं का? न्हाय तर परत सांगतो."

वडील गेल्यावर ताईला हक्कसोडपत्रावर सही करायला मीच त्यांच्याकडं नेलं. त्यांनी आधी मला उठवलं. "तुम्ही चहा पिऊन या. हे बहिणीला एकटीलाच सांगायचं असतंय."

टपरीवरही त्यांचा आवाज येत होता. "बाई, सही केली की वडलांच्या रानातला तुमचा हिस्सा गेला. कळलं का?"

ताईनं पेन खाली ठेवलं. मी लई दिवस त्या अर्जनवीसांच्या नावानं बोटं मोडली.

आज सातबाऱ्यावर ताईचं नाव माझ्या नावाशेजारी आहे. परवा माझं मृत्युपत्र करायला त्यांच्याकडंच गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तसा मीच सोबत आलेल्या लेकाला म्हणालो, "जा, चहा पिऊन ये."