कोरडी बारयात्रा

चौऱ्याण्णवची प्लेगची साथ ओसरल्यावर मी धुळ्याहून सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला लागलो. दारूबंदीच्या त्या शहरात घसा फारच कोरडा पडला, तेव्हा बमरोली भागातल्या चहाच्या हातगाडीवर एका बोळक्या म्हाताऱ्याला विचारलं, प्यायला कुठं मिळेल?

त्याने टोपी झटकली. "चाल भो, जुने भारी बार दाखवतो."

सबंध दुपार पायी फिरवलं. प्रत्येक बंद फाटकापुढे तो चपला काढून हात जोडायचा. "इथं गोरे प्यायचे. इथं आता शेठ पितात, तब्येतीचं परमिट काढून. ते आजारी म्हणून पितात, आपण पिऊन आजारी पडतो."

थेंबही मिळाला नाही. परतताना मात्र तो झुलत चालू लागला. मी दंड धरला, तर खेकसला, "सोड! एवढे बार फिरून सरळ घरी गेलो, तर दारूची काय इज्जत राहील?"