खळगीसरांचा पाहुणा

आमच्या खळगीसरांनी उभ्या आयुष्यात एकाही जिवाला चेंगरलं नाही. हसू नका. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक पाण्याच्या थेंबातले जीव आधी मारत, मग रंगवत आणि मग त्यांच्याविषयी तासभर बोलत. सरांना हे पटत नसे. "जिवंत आहे तोवर भेटून घ्या रे," ते म्हणत, "तेराव्याला जेवायला काय, कुणीही जातं."

नाव पडलं ते काचेवरून. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची साधी काचपट्टी सपाट असते. सरांची लाडकी पट्टी मधोमध खोलगट. वरच्या नाजूक काचेवर थेंब घ्यायचा, ती झटक्यात उलटी करून खळगीवर बसवायची, की थेंब आत लोंबकळत राहतो. आत हवा असते, जीव मोकळे पोहतात. माझा थेंब मात्र हमखास माझ्याच पाटलोणीवर पडे. "पूर आणलास, भिया," सर इंदुरी धाटणीत, शांतपणे म्हणत, "गाव वाहून गेलं."

प्रत्येक जिवाला ते वेगळी काच निवडत. अमीबा असला तर सपाट पट्टी, पण वरच्या काचेच्या चार कोपऱ्यांखाली मेणाचे कण, खाटेला पाय लावावेत तसे. पोहणारा असला तर खळगी. "राहणाऱ्याच्या अंगाने खोली निवडावी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य, "बघणाऱ्याच्या सोयीने नाही." तेव्हा मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सर म्हणत, ह्याला खळगीच दिली पाहिजे, एका जागी ठरतच नाही.

सरांचं घर इंदुरातल्या छत्रीबागेत, आमच्या समोर. घरात दोघंच, सर आणि काकू. काकू सांवेरच्या, बोलायला तिखट आणि छातीने नाजूक. चार पायऱ्या चढल्या की धाप. "माझं बोलणं ह्यांना ऐकू येत नाही," त्या माझ्या आईला सांगत, "आणि त्या मुक्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसतात. एकदा दाखवा तरी म्हटलं, कोण आहे ही सवत." सर म्हणायचे, रविवारी नेतो कॉलेजात. असे कितीतरी रविवार सराफ्यातल्या जलेबीत विरघळून गेले.

मग काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टर तपासून बाहेर ओट्यावर आले, आवाज खाली आणून सरांशी बोलले, आणि सरांना एकदम रविवार आठवला.

प्राचार्यांकडे मिनतवाऱ्या करून त्यांनी सूक्ष्मदर्शक घरी न्यायची परवानगी काढली. टांग्यात शालीत गुंडाळलेलं ते यंत्र नव्या नवरीसारखं सरांच्या मांडीवर आणि खान नदीच्या पाण्याची बाटली माझ्या. घरी आलो आणि घोटाळा लक्षात आला. काकूंना वाकून बसवत नव्हतं. लोडाला टेकल्या टेकल्या बघायचं तर यंत्र कलतं करायला हवं, आणि यंत्र कललं की खळगीतला लोंबता थेंब ओघळून काठाला चिकटतो. सरांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. थेंब राहीना. काकूंचा श्वास खोलीभर ऐकू येत होता.

तेव्हा सरांनी सपाट काच घेतली. थेंब ठेवला, वरची काच बसवली आणि चारी कडांना व्हॅसलीन फिरवलं. फट म्हणून ठेवली नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"आज बघणारीच्या अंगाने," ते मान वर न करता म्हणाले.

खिडकीतलं ऊन आरशात धरून त्यांनी यंत्र काकूंच्या डोळ्याशी आणलं. काकू डोळा लावून बघत राहिल्या आणि हसल्या. एकटाच आहे म्हणाल्या, चपलेच्या तळासारखा, आणि पळतोय तरी किती. आणखी थोडा वेळ गेला.

"अहो, हा सारखा भिंतीशी जातोय आणि परत फिरतोय. आत हवा आहे ना?"

सरांनी बोटाला लागलेलं व्हॅसलीन धोतराला पुसलं.

"बस, हो गया जी. बघितली तुमची सवत. आता सोडा त्याला."

सरांनी वरची काच हलकेच सरकवली आणि पट्टी वाडग्यातल्या नदीच्या पाण्यात धुतली. तो वाडगा काकूंनी खिडकीत ठेवायला लावला, उशीवरून दिसेल असा. रोज सकाळी त्या विचारत, "आहे ना आपला पाहुणा?" नुसत्या डोळ्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. सर वाडग्यात डोकावून म्हणत, "आहे. मजेत आहे."

त्याच आठवड्यात काकू गेल्या.

आम्ही घाटावरून परतलो तेव्हा शेजारच्या बायकांनी घर धुऊन काढलं होतं आणि रीतीप्रमाणे घरातलं साठवलेलं पाणी ओतून टाकलं होतं. माठ, हंडे, बादल्या, सगळं पालथं. सर आत गेले आणि खिडकीपाशी थांबले. दिवसभर त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"वहिनी, इथला वाडगा?"

"ओतला हो, भाऊजी," आई म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिने पदर तोंडाशी नेला.

"कुठे?"

"मोरीत."

सर पालथ्या वाडग्याकडे बघत राहिले.

"ही मोरी नाल्याला मिळते," ते माझ्याकडे वळून म्हणाले, प्रयोगशाळेत विचारत तसंच, "आणि नाला?"

"खान नदीला, सर."

"म्हणजे घरी पोचला तो," सर म्हणाले, आणि मग मोकळ्या खाटेच्या कडेला बसून रडले.