दूध आईला द्या म्हणणाऱ्या आपा

डॉ. रशीदा इनामदार यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या एका बाईला औषध न देता परत पाठवत होत्या. धारूरच्या बाजारपेठेतला दोन खोल्यांचा दवाखाना. परिचारिकेचे शिक्षण संपवून मी तिथे नोकरी मागायला गेले होते. बाईच्या कडेवर तान्हे बाळ होते आणि "सारखं पिवळं पातळ होतंय, सुई द्या" असा तिचा धोशा होता. डॉक्टरांनी बाळाचे पोट चाचपले, टाळूवरून हात फिरवला, वजन केले. मग म्हणाल्या, "अंगावर पिणाऱ्या लेकराची शी अशीच असते. वजन वाढतंय, लघवी नीट होतेय. ह्याला काही झालेलं नाही. उगाच औषध दिलं तर मात्र बिघडेल." बाई तणतणत समोरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "सवय करा, सिस्टर. आपल्याकडून माणसं नाराज होऊनच जातात."

सारे गाव त्यांना आपा म्हणे. मीही म्हणू लागले. आज आपांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

आपा बीडच्या. त्यांचे वडील मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजारापाशी, फळे विकत. बालरोगांचे शिक्षण घेतल्यावर त्या शहरात सहज स्थिरावल्या असत्या, पण त्यांनी धारूर निवडले. पुढे आई-वडील गेले, भाऊ हैदराबादला गेले. लग्नाचे काही प्रस्ताव आले आणि तसेच विरले. दवाखान्याच्या वरच्याच खोलीत त्या राहत. ईदला शेजाऱ्यांकडून शिरखुर्मा येई. तो त्या माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून खात.

त्यांचे सारे लक्ष बाळाच्या पोटावर. त्या काळी आमच्याकडे आईच्या दुधाचा पहिला चीक पिळून टाकून देत आणि बाळाला मधाचे बोट चाटवत. आपा बाळंतिणीच्या उशाशी बसून सांगत, "हा चीक म्हणजे लेकराची पहिली लस. आईच्या दुधाबरोबर चांगले जंतू पोटात जातात, तिथं घर करतात आणि वाईटांना आत येऊ देत नाहीत. सहा महिने दुसरं काही नको. पाणी नको, मध नको, घुटी नको." सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, आणि सोबत अंगावरचे दूध चालूच. शिकवण एवढीच. पण ती सांगताना त्यांना घराघरांतल्या सासवांशी, सुइणींशी आणि सुई टोचून मोकळे होणाऱ्या डॉक्टरांशी वाकडे घ्यावे लागले.

त्यांची खरी कसोटी दुष्काळात लागली. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. डोंगराच्या पायथ्याशी पाझर तलावाचे काम निघाले. बाया दिवसभर माती वाहत आणि त्यांची तान्ही लेकरे दूर लिंबाखाली झोळीत रडत. मुकादम मधे उठू देत नसे. बायांच्या पोटात अन्न नाही, लेकरू दिवसभर छातीशी नाही. एकेकीचे दूध आटत गेले.

तेव्हा आमच्या भागातल्या सहकारी दूध संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी या बाळांना दूध पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटायचे ठरवले. माणूस मनाने वाईट नव्हता. तलावावर मांडव पडला, हार आले. आपांनाही व्यासपीठावर बसवले होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाटल्या वाटू नका. टँकरच्या पाण्यात पावडर कालवली आणि बाटली नीट उकळली नाही, तर लेकरं हगवणीनं जातील. सरपण नाही, पाणी नाही, बाया बाटल्या उकळणार कशा? तुमचं दूध लेकराला नको, आईला द्या. आई प्याली, जेवली आणि लेकराला वरचेवर पाजलं, तर लेकरू जगेल."

मग कौसा नावाच्या एका मजूर बाईची सासू मागून ओरडली, "जिच्या मांडीवर कधी लेकरू खेळलं न्हाई, ती आमाला शिकवती व्हय!"

लोक हसले. चेअरमनसाहेबही हसले. आपांनी पदर सावरला आणि त्या खाली बसल्या. बाटल्या वाटल्या गेल्या.

त्यानंतर दवाखाना ओस पडला. "आपा लेकरांचं दूध तोडायला निघाल्यात" अशी वार्ता पसरली होती. तरी रोज सकाळी त्या खाली उतरत, टेबल पुसून घेत आणि दाराकडे तोंड करून बसत. मी म्हणाले, "आपा, थोडे दिवस बीडला जाऊन या." त्या म्हणाल्या, "बीडला कोण आहे माझं? आणि नेमकं तेव्हाच कुणी आलं तर?"

तलावावर हगवण सुरू झाली. काही बाळे दगावली. लोकांनी उन्हाला दोष दिला.

एका दुपारी तीच सासू दारात उभी राहिली. कौसाचे लेकरू तिच्या हातात चिंध्यांच्या बोचक्यासारखे पडले होते. डोळे खोल, टाळू खचलेली. मागे कौसा भिंतीला टेकून उभी. आपांनी तिला मागचे काही विचारले नाही. बाळ घेतले आणि सलाईन लावले. बाळ जरा सावरल्यावर कौसाला म्हणाल्या, "आता छातीला लाव."

"दूध न्हाई ओ आता. लई दिस झाले आटून."

"लेकरू ओढेल तसं येईल. तू लाव तर."

बाळ ओढी, काही येईना, चिडून तोंड काढी. आपा वाटीत उकळून निववलेले दूध घेऊन बसल्या आणि चमच्याने थेंबथेंब छातीवरून सोडू लागल्या. थेंब तोंडात गेला की बाळ ओढत राही. खालच्या खोलीत कौसाचे अंथरूण होते, तिच्यासाठी भाकरी-वरण आपांच्या चुलीवर शिजत होते. असे दिवसामागून दिवस गेले. कौसा रडे, "न्हाई जमायचं." आपा म्हणत, "मला कुठं जायचंय? बसू आपण."

आणि एका सकाळी चमचा न लावताच बाळाच्या घशातून घोट गिळल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. कौसा खाली पाहतच राहिली. म्हातारीने पुढे येऊन आपांचे पाय धरले. "माझी जीभ झडू दे, माय." आपांनी तिला उठवले. "जीभ राहू द्या. ती घेऊन चेअरमनसाहेबांकडं चला."

म्हातारी गेली. संस्थेच्या कार्यालयात नातू मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "सायेब, ह्याला बाटलीनं मारलं हुतं, आईनं जगवलं. आता दूध बायांना द्या." ती उठेना. शेवटी चेअरमनसाहेब स्वतः तलावावर आले. बाटल्या बंद झाल्या. दुपारी प्रत्येक लेकुरवाळीला तापवलेल्या दुधाचा पेला मिळू लागला, कामाच्या कडेलाच लेकरांसाठी सावली झाली आणि पाजायला उठणाऱ्या बाईला अडवायचे नाही, अशी मुकादमाला ताकीद मिळाली. हगवण ओसरली. वर्तमानपत्रात संस्थेचे कौतुक छापून आले. आपांचे नाव त्यात नव्हते. मी चिडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकरं प्यायली ना? मग झालं."

पुढे माझे लग्न झाले, मी लातूरला गेले. कौसाचे कुटुंब ऊसतोडीला गेले आणि नंतर पुण्याकडेच राहिले. ज्यांना आजार झालाच नाही अशी कितीतरी माणसे आज या मुलखात आणि मुलखाबाहेर हिंडत आहेत. आपण कुणामुळे धडधाकट आहोत हे त्यांना ठाऊक नाही आणि ते ठाऊक असायचे काही कारणही नाही. आपांच्या कामाचे स्वरूपच तसे, की ते जितके साधेल तितका दवाखाना रिकामा.

पंचाहत्तरीच्या समारंभाचे निमंत्रण द्यायला मी गेल्या महिन्यात गेले होते. दवाखाना आता बंद आहे. वरच्या खोलीत आपा एकट्या बसल्या होत्या. माझ्या नातीची चौकशी त्यांनी पहिली केली. अंगावर पिते का, वरचे काय सुरू केले. मग हळूच म्हणाल्या, "बोलायला कुणी येत नाही गं. आजारी पडल्याशिवाय डॉक्टरकडं कोण येतं?" मी चहा केला. दोघींनी तो प्यायला, आणि मी जिना उतरले.

आपांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर शाबूत राहो. या ग्रंथाच्या वाचकांकडे माझे एवढेच मागणे आहे, की तुमची वाट कधी धारूरवरून गेली, तर तो जिना चढा. लेकरू बरोबर असेल तर त्यालाही न्या. कुणाचे काही दुखत नसतानाही आपांचे दार वाजत राहो.