काहूनभोवतीची बोटं

सरांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवली. त्या बोटांच्या मधे माझा शब्द चिमट्यात धरल्यासारखा धरला आणि म्हणाले, "बाई विचारताहेत, 'काहून'."

सगळे हसले. मुखपृष्ठं करणारी हसली. हिशेब पाहणारे काका हसले. चहा आणणारा माणूस ट्रे हातात धरून हसला, आणि तो तर आमच्याच बोलीचा. मीही हसले. तेच आठवलं की अजून अंगाची आग होते.

सर म्हणजे आमच्या प्रकाशनाचे मालक. संपादकही तेच. सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानांच्या वर आमचं ऑफिस आहे. मी तिथं फायली साफ करते. लेखक मंडळी कशीही टाइप करून पाठवतात. पूर्णविरामाच्या आधी जागा सोडतात, प्रश्नचिन्हं तीन-तीन ठोकतात, एका पानावर दुहेरी अवतरण तर दुसऱ्या पानावर एकेरी. ते सगळं मी एकसारखं करते. हे काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. चुकीच्या जागचा स्वल्पविराम उचलून बरोबर जागी ठेवला की मला बरं वाटतं.

पण त्या ऑफिसात मी दुसऱ्याच तोंडाने बोलायची. जिन्याच्या पहिल्या पायरीवर घरचं मले सोडायचं, ऑफिसचं मला उचलायचं. संध्याकाळी उतरताना परत उलटं. इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी पाय घसरला. नवीन पुस्तक होतं, आमच्या विणकर वस्तीतल्या बायकांच्या आठवणींचं. एका प्राध्यापक बाईंनी घरोघरी बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं, जसंच्या तसं उतरवलेलं. सरांनी मीटिंगमधे नियम सांगितला, "बोलीतला एकूण एक शब्द सिंगल कोटमधे टाकायचा. वाचकाला छपाईची चूक वाटायला नको."

मी म्हटलं, "सर, या बायका मशीन म्हणतात, टाइम म्हणतात, ऑफिस म्हणतात. त्याला आपण कोट देत नाही. मग मले-तुलेलाच काहून?"

का म्हणायचं होतं. काहून निघालं. आणि सरांची बोटं वर गेली.

त्यांना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. हसण्यात माझा प्रश्न वाहून गेला आणि दुपारपर्यंत माझं नाव काहूनबाई पडलं. खाली पानवाल्याशी हेच सर "दे ना गा, काहून टाइम लावून राहिला" असं बोलतात, मी कानांनी ऐकलं आहे. रस्त्यावर चालतं. कागदावर चालत नाही.

मी जागेवर येऊन बसले. बसवेना. उठून पाणी प्यायले. खिडकीशी गेले. खाली व्हरायटी चौकात नेहमीसारखे हॉर्न, वरून मेट्रो गेली. परत येऊन बसले. पाय टेबलाखाली हलत होता, थांबतच नव्हता. त्या पुस्तकात एक बाई माझी आई आहे, हे तिथं कोणाला माहीत नव्हतं. पुस्तकात नुसती पहिली नावं आहेत. मी सांगितलं नव्हतं. सांगावंसं वाटलं नव्हतं, असं लिहिते, म्हणजे खरं होईल.

मग मी नियम पाळला. रागात पाळला. एकेक शब्द शोधत बसायची ताकद नव्हती. मशीनला सांगून टाकलं, ज्या शब्दाच्या शेवटी ले असेल त्याला दोन्हीकडून अवतरण लाव. काहूनला लाव, मंगला लाव, वंला लाव. घे म्हटलं. एका सेकंदात अख्खं पुस्तक काट्यांनी भरलं. मी न वाचता प्रूफ काढलं.

आईची पानं घरी नेली. ती कधीची मागे लागली होती, "माह्यं बोलनं कसं दिसते वं, दाखव ना." आमच्या घरातला माग कधीचाच गेला. मागाचा खड्डा बुजवून त्यावर टाइल्स बसवल्या, आणि आई आता त्याच जागी बसून साड्यांना फॉल लावते. तिनं सुई साडीत अडकवून ठेवली, हात पदराला पुसले, चष्मा लावला. अक्षर अक्षर जोडत ती वाचते. पानावर होतं:

'मले' बापानं कांड्या 'भराले' बसवलं. मी म्हटलं, 'काहून'? 'भावाले' तर शाळेत धाडून 'राहिले'.

आईच्या लहानपणीची ही गोष्ट. शाळेतून काढून तिला मागासाठी कांड्यांवर सूत भरायला बसवलं, तेव्हा तिनं बापाला तोंडावर विचारलेला हा प्रश्न. थप्पड खाल्ली होती त्यासाठी.

ती बोट एकेका चिन्हावर ठेवत गेली. मग म्हणाली, "येवढ्या चुका केल्या का वं मी?"

"चुका नाहीत आई."

"मंग हे काय हाय? जिथं तिथं टोचून ठेवलं."

"तसा नियम आहे," मी म्हटलं. ऑफिसच्या तोंडाने म्हटलं.

तिनं चष्मा काढला. "मंग तू सुधरून दे. तुह्यासारखं कर. मी पुन्हा सांगतो, हळूहळू सांगतो." आणि खरंच सांगायला लागली. पाठ सरळ करून, शाळेतल्या मुलीसारखी. "मला... वडिलांनी... कांड्या भरायला बसवलं. मी म्हटलं..."

तिथं अडकली. पुढचा शब्द तिला सापडेना. माझ्याकडे पाहायला लागली. का हा शब्द मी तिला सुचवू शकत होते. माझ्या जिभेवर होता. मी नाही दिला. तिनं बापाला का असं विचारलंच नव्हतं. तिनं काहून विचारलं होतं, आणि थप्पड काहूनसाठी पडली होती. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही संताप आला.

सकाळी ऑफिसात पोचले तर सर प्रूफ हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे. लालेलाल. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांचं स्वतःचं निवेदन होतं. मशीनला काय कळतं कोणाचं ले कोणतं. तिनं सरसकट लावून टाकलं होतं. अनेकांनी सहकार्य 'केले'. हे पुस्तक सिद्ध 'झाले'. मान्यवर धावून 'आले'.

पानं माझ्यासमोर आपटली. "हे काय आहे? माझं मराठी म्हणजे काय बोली आहे? अवतरण घातलं की शब्द परका होतो, हा आपला नाही असा अर्थ होतो, एवढं कळत नाही तुला?"

परका. त्यांनीच म्हटलं.

कूलरचा आवाज तेवढा चालू होता. काल हसलेले सगळे माना खाली घालून आपापल्या स्क्रीनमधे शिरले होते. माझा पाय हलायचा थांबला.

मी उठले. नाही, मी उठली. घरी म्हणते तसंच आता लिहिते.

"मंग माह्या आईचे शब्द कोणाले परके आहेत, सर?"

"कोणाच्या आईचे?"

"त्या कांड्या भरनाऱ्या बाईचे. ते माही आई होय."

सरांनी आवाज एकदम मऊ केला. अशी माणसं आवाज मऊ करतात तेव्हा जास्त सावध राहावं लागतं. "अगं, आधी नाही का सांगायचंस? तुझ्या आईच्या मजकुरातली काढून टाक. तेवढ्यापुरती मी सूट देतो."

सूट. माझ्या आईला तिच्या जिभेची सूट. आणि बाजूच्या घरातल्या काकूला नाही, समोरच्या आजीला नाही. क्षणभर मोह झाला, हे लपवत नाही. नोकरी राहिली असती, आईचं पान स्वच्छ झालं असतं, सर मोठ्या मनाचे ठरले असते.

"एकटीचे नाही. सगळ्याइचे काढा लागते."

"नियम म्हणजे नियम."

"मंग मी लावनार नाही."

"दुसरं कोणी लावेल."

"लावू द्या. आईचं बोलनं मंग या पुस्तकात राहनार नाही. अन बाकीच्या बायाइले मी हे पानं घरी जाऊन दाखवतो. त्याइले ठरवू द्या."

"काहू..." त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी ते तिथंच गिळलं. बोटं टेबलावरच राहिली. मला त्याचं काही कौतुक नाही. मी पिशवी उचलली, पानं उचलली आणि जिना उतरली. खालच्या पायरीवर त्या दिवशी काही सोडायचं नव्हतं, काही उचलायचंही नव्हतं.

तेव्हापासून घरोघरी जाऊन राहिली आहे. पानं दाखवते, चिन्हावर बोट ठेवते, त्याचा अर्थ सरांनी सांगितला तसाच सांगते. एक आजी म्हणाली, जाऊ दे वं, नाव तर छापून येते. एका काकूनं पान घडी करून ब्लाउजमधे ठेवलं आणि म्हणाली, "असं छापाचं असन तर मी बोललीच नाही म्हनून सांग." पुस्तक अडकलं आहे. सरांचे फोन येतात. परत ये म्हणतात, पण अवतरणाचं नाव काढत नाहीत. मी जाणार नाही. दुसरं काम अजून मिळालेलं नाही. रात्री डोळा लागत नाही, दिवसा बसवत नाही. आईनं दोनदा विचारलं, माह्याच्यानं गेली का वं तुही नोकरी? नाही म्हटलं. तुझ्यामुळे नाही गेली आई, तुझ्यामुळे मी एकदाची बोलली.

हे लिहिलेलंही कोणाच्या तरी हातात साफ करायला जाईल. माझ्यासारखीच कोणी असेल, टेबलाखाली पाय हलवत बसलेली. तिला सांगून ठेवते. माझे स्वल्पविराम सरकव. जास्तीच्या जागा पुसून टाक. पूर्णविराम चुकले असतील तर खुशाल दुरुस्त कर, मीही तेच काम केलं आहे. सरांनी हवेत लावलेली आणि त्या प्रूफातली चिन्हं मात्र आहेत तशीच ठेव, ती पुरावा आहेत. बाकी माझ्या मलेला, माझ्या आईच्या काहूनला कुठलंही चिन्ह लागता कामा नये. कोणाचाही नियम असो. लागलं तर मी तुझ्या ऑफिसचा जिना चढून येईन, टेबलासमोर उभी राहीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारीन.

काहून?