तीन पाण्यांचा निळा

मी इंग्लंडमध्ये नेमकं काय काम करते, हे परतूरच्या आमच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. धाकट्या मावशीला वाटतं मी दातांच्या दवाखान्यात असते, कारण इनॅमल म्हटलं की तिला दात आठवतात. मामाने एका लग्नात चारचौघांत सांगून टाकलं होतं की भाची बर्मिंगहॅमला थाळ्या-मगांना रंग देते. मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही. काचेची पूड करायची, ती धुवायची, चांदीवर बसवायची आणि भट्टीत घालून वितळवायची, एवढंच माझं काम. आपल्याकडे त्याला मीनाकाम म्हणतात. एवढ्यासाठी कुणी साता समुद्रापार जाऊन बसेल, यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

हे काम मी शिकले जुन्या जालन्यात, तेही अपघाताने. चौऱ्याऐंशी साली बारावी झाल्यावर वडिलांनी मला कॉलेजसाठी जालन्याला ठेवलं. घर शेतकऱ्याचं, पोरगी शहरात एकटी राहणार म्हटल्यावर खोली घरंदाज माणसांत हवी, असा आईचा हट्ट. वडील परतूरला ज्या आडतीवर कापूस घालायचे, त्या आडत्याच्या ओळखीने एका मारवाडी सोनाराच्या घरात वरची खोली मिळाली. तीन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं कुटुंब. आता उरले होते नवरा-बायको दोघंच. अख्खी गल्ली त्यांना काकाजी आणि काकीजी म्हणायची, मीही म्हणायला लागले.

काकाजींचा डावा पाय लहानपणापासून अधू. सकाळी गादीवर बसले की ते जेवायलाच उठायचे. घराचा पुढचा खण हेच दुकान. समोर एक पाट, एक खल, चार-पाच सुया आणि विटांची हातभर उंचीची भट्टी. काम मुख्यतः एकच: देवांचे डोळे. जैन मंदिरांतल्या मूर्तींना चांदीचे डोळे बसवतात आणि त्यावर पांढरा नि काळा मीना चढवतात. कितीतरी मंदिरांचे डोळे काकाजींच्या पाटावरून गेलेले होते. मी पहिल्यांदा जिना उतरून खाली आले तेव्हा पाटावरून चौदा डोळे एकदम माझ्याकडे बघत होते. मी किंचाळले, काकीजी हसत सुटल्या, आणि आमची ओळख झाली.

कॉलेजात मी रसायनशास्त्रात सपशेल आपटत होते. पुस्तकातलं काही डोक्यात शिरत नव्हतं आणि इथे डोळ्यांदेखत मातीसारखी पूड तीन मिनिटांत काच होऊन चमकायची. एक दिवस धीर करून विचारलं, "काकाजी, मी करून पाहू का?"

"बोट भाजलं तर बापाला सांगशील?"

"न्हाई."

"मंग बस."

बोट त्याच दिवशी भाजलं. बापाला सांगितलं नाही. तीन वर्षं मी त्या पाटासमोर बसले आणि पदवी कशीबशी पदरात पडली.

मीनाकामात सगळ्यात कंटाळवाणं काम धुण्याचं. काच खलात कुटली की पाणी घालायचं, ढवळायचं, जड कण तळाला बसू द्यायचे आणि वरचं दुधट पाणी काढून टाकायचं. काकाजींचा नियम होता, तीन पाणी. चौथं नाही. शिवाय तिसरं पाणी फेकायचं नाही, मडक्यात राखून ठेवायचं. ते उद्याचं पहिलं पाणी. जालन्यात तेव्हा नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे. गल्लीच्या टोकाच्या हापशावरून काकीजी डोक्यावर हंडे आणायच्या आणि मी माझी कळशी. अशा गावात तीन पाण्यांच्या नियमात मला काय वावगं वाटणार? मी तो वेदवाक्य म्हणून पाठ केला.

पांढरा आणि काळा हे गच्च रंग. त्यांच्यातून खालचं काही दिसत नाही, त्यामुळे ते काकाजींच्या हातून झकास उतरायचे. पण निळा, हिरवा हे आरपार रंग. त्यांच्यातून खालची चांदी चमकली पाहिजे. ते मात्र धुरकट यायचे, ताकात नीळ सांडल्यासारखे. कुणी कुंकवाचा करंडा रंगवायला घेऊन आलं तर काकाजी स्वतःच सांगायचे, "हे जयपूरला पाठवा. माझ्या हाताला निळा लागत न्हाई."

त्यांचे थोरले भाऊ जयपूरला हेच काम करायचे. एकदा पाहुणे म्हणून आले आणि माझ्यासमोर म्हणाले, "तू डोळेच कर. रंग तुझ्या बस की बात नही." मला असा संताप आला की हातातली सुई त्यांना टोचावीशी वाटली. काकाजी मात्र नुसते हसले आणि त्यांनी भावाच्या ताटात आणखी एक बाटी वाढायला सांगितली. माणूस सोन्यासारखा, हात बेताचा, असा निकाल मी तेव्हा मनाशी लावून टाकला. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला निकाल लावायला वेळ लागत नाही.

पुढे लग्न झालं. नवरा अंबडचा, पण बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात रक्त तपासायचा. पहिला हिवाळा मी रजईत काढला. दुसऱ्या हिवाळ्यात नवरा म्हणाला, घरात बसून तू माझं डोकं खातेस, बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाचं खा. सोनारांच्या गल्लीत एका कारखान्याच्या काचेवर कागद चिकटवलेला होता: मीनाकाम येणारं माणूस पाहिजे. मी आत शिरले.

मालकीणबाई सत्तरीच्या, अंगाने काटकुळ्या आणि जिभेने तिखट. शाळांचे बिल्ले, क्लबांची पदकं, नगराध्यक्षांच्या गळ्यातल्या साखळ्यांची पदकं असलं काम तिथे चालायचं. त्यांनी मला चांदीची एक कोरीव चकती दिली आणि सांगितलं, हिच्यावर आरपार निळा चढवून दाखव. महिनाभर मुदत. निळा साफ आला तर नोकरी, नाही आला तर राम राम. राम राम झालाच तर नवऱ्याच्या मित्राचा समोशांचा कारखाना होता. मला समोसे खायला आवडतात, दिवसभर उभं राहून भरायला नाही.

पहिला निळा आला तो ताकातला. बाईंनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. दुसराही तसाच. मी भट्टीला दोष दिला, तिथल्या काचेला दिला, विलायती थंडीला दिला. तिसरा कट्ट्यावर जाऊन बसला त्या दिवशी मात्र माझं अवसान गळालं. गुरू तसा चेला, दुसरं काय! काकाजींच्या हाताला निळा लागत नव्हता, आणि तोच हात त्यांनी मला दिला होता. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं की समोशाच्या कारखान्यात टोपी घालावी लागते का.

चौथ्या आठवड्यात बाईंची पेन्सिल माझ्या टेबलाखाली गेली. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. टेबलाखाली जॅमच्या अकरा बाटल्या होत्या, ओळीने मांडलेल्या, गढूळ पाण्याने भरलेल्या.

"हे काय आहे?"

"उद्याचं पहिलं पाणी," मी अभिमानाने सांगितलं.

त्यांना काही समजेना. मी समजावून सांगितलं. किती वेळा धुतेस? तीन. तीनच का? नियम आहे. कुणाचा? माझ्या गुरूंचा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीत राहणारी बाई आहे. मग त्यांनी माझी वाटी उचलली, नळाखाली धरली आणि नळ सोडला.

"ओ बाई, पाणी!" मी मराठीत ओरडले.

त्या थांबल्या नाहीत. चार, पाच, सहा. दरवेळी वाटीभर पाणी सरळ मोरीत. मधल्या वेळातही नळ वाहतच होता. आठव्या पाण्याला मी तोंड फिरवलं, माझ्याच्याने बघवेना. बाराव्याला बाईंनी हाक मारली. वाटीतलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं नितळ झालं होतं. तळाची पूड चकतीवर बसवून, वाळवून आम्ही भट्टीत घातली. बाहेर आला तो असा निळा, की त्याच्यातून चांदीवरची एकेक रेघ मोजून घ्यावी. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा, मूर्खपणा कमी कर. नोकरी पक्की झाली.

घरी जाताना बसमध्ये मी आधी हसत होते आणि मग रडायला लागले. काकाजींचा हात कधी बेताचा नव्हताच! फक्त पाणी कमी पडत होतं. आणि तेवढ्यासाठी हा माणूस जन्मभर स्वतःला उणा समजला, भावाची बोलणी खात राहिला, गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने जयपूरचा पत्ता देत राहिला. मीही त्याला कच्चा ठरवून मोकळी झाले होते. हे त्यांना सांगायलाच हवं होतं. पण पत्रात नाही. पत्र वाचून त्यांनी म्हटलं असतं, पोरगी विलायतेला जाऊन शेफारली. निळा त्यांच्या तळहातावर ठेवायला हवा होता.

ठरवलं खरं, पण निघणं होईना. दोन बाळंतपणं झाली, घर झालं, काम वाढलं. नगराध्यक्षांच्या गळ्यात माझे निळे झुलायला लागले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा आपला चिमटा मला देऊन गेल्या. जालन्याला जायचं दरवर्षी पुढच्या वर्षावर जात राहिलं. मग काकीजींचं पत्र आलं. काकाजींच्या एका डोळ्याची नजर गेलीय, दुसऱ्याचाही डॉक्टरला भरवसा नाही, काम बंद आहे. त्यांना दिसेनासं झाल्यावर निळा घेऊन जाण्यात काय अर्थ होता? मी रजा टाकली, कुंकवाच्या करंड्याचं एक चांदीचं झाकण केलं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात साफ निळा त्याच्यावर चढवला आणि निघाले.

जालना स्टेशनवरून ऑटो केली ती थेट त्यांच्या दारात. काकाजी त्याच गादीवर बसले होते, निम्मे झालेले. काकीजींनी माझ्या गालांवरून हात फिरवला, वाळलीस म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला दम निघेना. मी झाकण काढून काकाजींच्या हातात दिलं.

ते सरकत सरकत उजेडाकडे गेले. चांगल्या डोळ्याला भिंग लावलं. झाकण उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "वा. बिलकुल साफ."

दिसलं होतं! माझा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. "काकाजी, तुमचा हात कधीच खराब नव्हता. आपण तीन पाण्यानं धुवायचो, तिथंच चुकत व्हतं. बारा पाणी पाह्यजे. तुमी उगंच इतकी वर्सं सोताला कमी समजून राह्यले."

"बारा?" काकाजी अजून झाकणच बघत होते.

"हो, बारा."

"माझ्या बापाच्या हाताखाली चौदा लागायचे. तवा आपल्या अंगणात आड व्हता."

"म्हंजे तुमाला ठाऊक व्हतं?"

"सोनाराच्या पोराला एवढं ठाऊक नसंल का?"

"मंग मला तीन का शिकवले? आन् लोकायला कशाला सांगायचे, हाताला निळा लागत न्हाई म्हणून?"

काकाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज हळू केला. पण अलीकडे त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांचा हळू आवाज गल्लीपर्यंत पोचायचा. "आड आटला. मंग पाणी हापशाचं. माझा पाय हा असा. हंडा कुनाच्या डोक्यावर येनार? एक निळ्याचं काम घेतलं की दोन हंडे जास्ती. देवाच्या डोळ्याला तीन पाणी बस होतेत."

बारा पाण्यांचं ज्ञान घेऊन मी एवढ्या लांबून त्यांना शहाणं करायला आले होते. तीन वर्षं त्या घरात राहून, रोज त्याच हापशावर उभी राहून मला हे दिसलं नव्हतं. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दारात काकीजी उभ्या होत्या, हातात चहाचे कप घेऊन.

"मला का न्हाई सांगितलं कधी?" त्या म्हणाल्या. "आनलं असतं की मी पाणी."

"म्हणून तर न्हाई सांगितलं."

काकीजींनी कप असे आदळले की निम्मा चहा बशीत आला. "थोरले दीर घरात येऊन बोलून जायचे, आन् हे ऐकून घ्यायचे," एवढं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत आत गेल्या. त्या दिवशी त्या काकाजींशी एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवायला बसलो तेव्हाही नाही. फक्त त्यांच्या पानात तूप दोनदा वाढलं.