दोन मिलिमीटरचा फरक

फोन आला तेव्हा मी नळावर होतो. आमच्याकडे पाणी आलं की माणूस बाकी सगळं सोडून पाणीच भरतो. म्हणून फोन निर्मलेनं, माझ्या बायकोनं घेतला आणि माझ्या ओल्या हातात दिला. पलीकडे इमरान होता, हफीजभाईंचा मुलगा. "सर, अब्बा गेले. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत..." मी "येतो" म्हणालो आणि भरून वाहणाऱ्या बादलीकडे बघत उभा राहिलो. त्या दिवशी अमरावतीहून अकोल्याला गेलो, माती दिली, चार लोकांत मान खाली घालून उभा राहिलो आणि परत आलो. जे बोलायला हवं होतं ते तिथंही बोललो नाही. ते आज लिहितो आहे. उशीर झाला आहे, ते मला कुणी सांगायची गरज नाही.

हफीजभाईंचं अकोल्यात चाकांचं दुकान होतं. पंक्चर सगळेच काढतात हो, पण चाकाची रिम वाकली, गाडी एका बाजूला ओढायला लागली की जीपवाले, टेम्पोवाले त्यांच्याकडे यायचे. त्यांचा टेपवर विश्वास नव्हता. ज्या तबकडीवर चाक बसतं, तिच्यावर काळं ग्रीस फासायचं, खोक्याचा पुठ्ठा दाबायचा, उमटलेल्या भोकांवर ब्लेड फिरवायचं आणि तो पुठ्ठा शर्टाच्या आत घालून बाजारात चाक शोधायला निघायचं. मला हसू यायचं. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणाचं सर्वांत लहान माप, शिकवता शिकवता म्हातारा झालेला. पोरांनी अर्ध्या मिलिमीटरची चूक केली तरी वही भिरकावणारा.

माझ्या डोक्यात गाडीचं खूळ कसं शिरलं ते सांगतो. अकोल्यातलं एक जिनिंग बंद पडलं. कापसाचे भाव कोसळलेले ते दिवस होते, किती जिनिंगच्या दारांना कुलपं लागली त्याला सुमार नव्हता. तिथल्या शेडमध्ये मालकाच्या वडिलांची लाल गाडी उभी होती. इटालियन, दोनच माणसांची, कापडी छताची. सीटमध्ये सरकी आणि उंदरांची घरटी, आणि चारही चाकं ओल्या जमिनीवर बसून कडांनी गंजलेली. ती मी घेतली आणि हफीजभाईंच्या दुकानात नेऊन ठेवली. शेतकरी जीव देत होते, गावोगाव सुतकाची कळा होती आणि मी पन्नाशीला आलेला माणूस लाल गाडीला चाकं शोधत हिंडत होतो. आज लिहितानासुद्धा लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

हफीजभाई म्हणाले, "सर, घाई नोका करू. या घराण्याच्या जुन्या गाड्या आपल्या इकडं टॅक्सीत चालत होत्या. त्यायची लोखंडी चाकं कुठंतरी भेटतीन. मी पाह्यतो." टॅक्सीची चाकं! माझ्या गाडीला! मी पुढच्या खेपेला प्रयोगशाळेतली स्टीलची पट्टी नेली, समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजलं, दहा सेंटिमीटर. तेवढ्या मापाची चमकणारी अ‍ॅलॉय चाकं मुंबईहून मागवली. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा मी त्यांच्यावरचा कागद एखाद्या नवरदेवाच्या शेरवानीवरचा काढावा तसा काढला.

हफीजभाईंनी पुठ्ठा लावला आणि मान हलवली. "दोन एमएमचा फरक हाय सर. गाडीचं अठ्ठ्यान्नव हाय, चाकाचं शंभर."

"बोल्ट जातो ना आत?"

"जातो. पन तिरपा बसते. एका बाजूनं धरते, दुसऱ्या बाजूनं हवाच हाय. चालता चालता ढिला होईन."

मी त्यांना टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, समजावला. खरंच समजावला, दुकानाच्या फरशीवर खडूनं आकृती काढून. दोन मिलिमीटर समोरासमोरच्या दोन बोल्टांत वाटले की एकेकाला एकच मिलिमीटर येतो, वगैरे. पट्टीवर मी अठ्ठ्याण्णवचे शंभर वाचले होते, कारण मला शंभर हवे होते, हे काही त्या आकृतीत नव्हतं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमी शिकलेले हा सर. पन मी नाई बसवत." तेव्हा मी ते वाक्य बोललो. "तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडून बसवून घेतो."

दुसरा कुणी हातोड्यानं ठोकून बसवील, हे त्यांना कळत होतं. शेवटी स्वतःच पाना उचलला. एकेक बोल्ट थोडा थोडा, समोरासमोर, तासभर लावून कसला. पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "चाळीसच्या वर जाऊ नोका. मूर्तिजापूरले उतरून सगळे बोल्ट पुन्हा कसा. मले जबान द्या." मी दिली. अमरावती-अकोला रस्त्यावर मूर्तिजापूर मधोमध येतं. ते प्रत्येकाला तिथं उतरून बोल्ट कसायला लावत, नवं चाक असो की जुनं.

निर्मला माहेरी आली होती, अकोल्यातच. तिला घेतलं आणि निघालो. गाडी काय पळत होती! मूर्तिजापूर आलं, गेलं. निर्मलेसमोर रस्त्यात उकिडवं बसून पाना फिरवायची मला शरम वाटली. बडनेऱ्याच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरलं, मग गाडी डावीकडे बसलीच आणि घासत शेतात शिरली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटणारे दोघंतिघं धावत आले. एकानं आधी निर्मलेला बाहेर काढलं, मग मला म्हणाला, "सायेब, तुमचं चाक तं पुढं चाललं गेलं ना." आणि खरंच, ते चमकत चमकत नाल्यापर्यंत गेलं होतं. निर्मलेचं उजवं मनगट मोडलं. ते सरळ असं कधी बसलंच नाही.

दवाखान्यात माझा मेहुणा आला, लालबुंद झालेला. त्यानं विचारलं, "चाकं कोनं बसवले?" मी म्हणालो, "हफीजभाईंनी." शब्दान् शब्द खरा. एवढं बोलून थांबलो. मेहुण्याच्या ओळखी अकोल्याच्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांत. आठ दिवसांत ही गोष्ट बाजारभर झाली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी हफीजभाई एसटीनं आले होते. दारातच उभे राहिले, निर्मलेला म्हणाले, "भाभी, गलती माई झाली." मी पलंगापाशी बसून मोसंबी सोलत होतो. मी सोलतच राहिलो.

मग जिन्यात मी त्यांना विचारलं, असं काहून म्हणालात? ते म्हणाले, "पाना माया हातात होता सर. मी नाई म्हनून उठून जाले पाह्यजे होतं." मनात काही नव्हतं त्यांच्या. मलाच वाटलं, चला, मिटलं. प्राध्यापक माणूस, गावात नाव, कॉलेजात पोरं... गप्प राहायला अशी कारणं माणसाला भराभर सापडतात.

त्यानंतर त्यांच्या दुकानात येणारे टेम्पोवाले कमी झाले. जीपवाले कमी झाले. अचलपूरच्या भंगारात तशी एक जुनी टॅक्सी आहे असं कळल्यावर हफीजभाई पुठ्ठा शर्टात घालून तिकडे गेले आणि चार काळी लोखंडी चाकं एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. ती अशी बसली की पाना लावायच्या आधीच जागची हलेनात. आजही माझ्या गाडीला तीच आहेत. मी पुढं दर वर्षी त्यांच्याकडे जात राहिलो, चहा पीत राहिलो. प्रत्येक वेळी ते विचारायचे, "भाभीचा हात कसा हाय?" मी म्हणायचो, बरा आहे. वीस वर्षं मी त्या माणसाला एवढंच उत्तर दिलं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा निर्मलेला सगळं सांगितलं. ती मनगट चोळत बसून राहिली. मग म्हणाली, "तो माणूस दारात उभा होता, मी त्याच्याकडे पाठ फिरवली. तुम्ही तिथंच होते." निघायच्या दिवशी मी बसनं जाऊ म्हणालो तर म्हणाली, "गाडी काढा." अपघातानंतर पहिल्यांदा ती त्या गाडीत बसली.

जेवणं आटोपल्यावर इमरानला दुकानात गाठलं. तोही आता चाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अब्बा नको म्हणत होते, चाकं मी आणली, जिद्द माझी, मूर्तिजापूरला उतरलो नाही तोही मीच. निर्मला शेजारी होती. इमरान पाना पुसत होता, तो पुसतच राहिला.

"अब्बानं तं घरीबी हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "का गलती माई हाय."

मला वाटलं, त्याचं बोलणं संपलं. पण तो म्हणाला, "तवापासून अब्बानं चाक बसवलं का मी त्यायच्या मांगून पाना लावून पाह्यचो सर. गिऱ्हाइकासमोर. वीस साल. त्यायचा एकबी बोल्ट कधी ढिला नाई निघाला. ते तिथं स्टुलावर बसून मले पाहत राह्यचे. कधी एक हरफ बोलले नाई."

तो बाहेर गेला. माझ्या गाडीच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. हफीजभाईंनी बसवलेलं चाक. सवयीनं पाना बोल्टपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. निर्मला त्याच्याजवळ गेली. इमराननं पाना लावला नाही.